चौथं पान

ऑक्टोबर अर्धा सरला की अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गचं ऊन तिरपं होतं. दुपारी तीनलाच संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. आमच्या घरामागच्या मैदानावर शाळकरी मुलींची फुटबॉलची प्रॅक्टिस सुरू असते. इथे त्याला सॉकर म्हणतात. आया फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून, मांडीवर शाली घेऊन बसलेल्या असतात. कुणाचा तरी बाप कडेकडेनं पळत ‘पास, पास’ करत असतो. माझ्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून मी त्या मैदानाला दोन फेऱ्या मारते. पण या दिवसांत ओल्या गवताचा आणि तुडवलेल्या चिखलाचा वास नाकात शिरतो, आणि दुसरी फेरी बहुतेक वेळा अर्धवटच राहते.

सुधीर म्हणतो, तुला थंडी सोसत नाही. खरं कारण त्यालाही माहीत आहे. पण इतक्या वर्षांच्या संसारात काही गोष्टींना थंडीच म्हणायचं, असं न बोलता ठरून गेलेलं असतं.

ऐंशीच्या दशकातला तो एक ऑक्टोबर. आम्हाला इथे येऊन दोन वर्षं झाली होती. सुधीर इंजिनिअर. आमची एकुलती एक गाडी घेऊन तो सकाळी कामाला जायचा, आणि मग दिवसभर दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये मी आणि चार वर्षांची केतकी. मी इतिहासात एम. ए. केलं होतं, आणि त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे सिन्नरच्या टायपिंग क्लासात जाऊन चाळीसच्या स्पीडची परीक्षा दिली होती. सुधीरनं एका गराज सेलमधून जुना टाइपरायटर आणून दिला होता. त्यावर मी नोकरीचे अर्ज टाइप करायचे. उत्तरं येत नव्हती. तरी दुपारी केतकी झोपली की मी मशीनपुढे बसायचे. काहीतरी काम करत असल्याचा तो आवाज मला हवा असायचा.

आमच्या खालच्या घरात टिनेके राहायची. हॉलंडची. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा अमेरिकन होता, तो वारलेला. मुलगा कॅलिफोर्नियात. ती एका सुपरमार्केटच्या बेकरीत कामाला होती आणि पहाटेच निघून जायची. पहिली दोन वर्षं आमचं नातं फक्त ‘हॅलो’चं होतं. त्या ऑक्टोबरात ती पार्किंग लॉटमध्ये ओल्या पानांवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. मी खिडकीतून पाहिलं आणि धावले. हाताला प्लास्टर घालून ती घरी आली तेव्हा मी तिच्यासाठी वरण-भात घेऊन गेले, कारण मला दुसरं काय न्यायचं ते सुचलं नाही. तिनं डाव्या हातात चमचा धरून सगळा भात संपवला, आणि मग विचारलं, वरून टकटक ऐकू येते ती टाइपरायटरचीच ना?

तिचं काम होतं ते असं. ती ब्राबांट भागातल्या एका लहानशा गावची. त्या गावात मुलींचा फुटबॉलचा क्लब होता, आणि तो सुरू करणाऱ्या मुलींमध्ये ती होती. पहिली कॅप्टन तीच. आता तो क्लब पुरुषांच्या क्लबात विलीन होणार होता, त्याचं वेगळं नाव उरणार नव्हतं. म्हणून क्लबच्या सेक्रेटरीनं सगळ्या जुन्या खेळाडूंना पत्रं पाठवून आठवणी मागवल्या होत्या. त्यांची एक पुस्तिका निघणार होती. सुरुवातीची वर्षं टिनेकेनं लिहावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्षअखेरीपर्यंत मजकूर पोचायला हवा होता, आणि इथे हात प्लास्टरमध्ये.

मी म्हटलं, पण मला तुमची भाषा कुठे येते? ती म्हणाली, अक्षरं तर येतात?

तसं ते सुरू झालं. केतकी झोपली की टिनेके वर यायची, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि एकेक अक्षर सांगायची. मी ते ठोकायचे. एक शब्द पुरा झाला की ती तो म्हणून दाखवायची. घशातून खरवडून काढल्यासारखे ते उच्चार ऐकून मला हसू यायचं. वाक्य पुरं झालं की इंग्रजीत अर्थ सांगायची. दुपारभरात अर्धं पान व्हायचं. दुहेरी स्वर फार, ए ए, ओ ओ. बोटांना आपोआप वळण पडलं. सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता ‘झुस’. झुस म्हणजे बहीण.

बहिणीचं नाव रीट. टिनेकेपेक्षा पाच वर्षांनी लहान.

गावात सिगारचा कारखाना होता आणि गावातल्या निम्म्या मुली तिथे कामाला. दिवसभर लांब टेबलांशी बसून तंबाखूची पानं पसरायची, शिरा काढायच्या, गुंडाळायची. केसांना वास, हातांना वास, रविवारच्या कपड्यांनासुद्धा. हे ती सांगत होती तेव्हा माझी बोटं थांबली.

माझी आई विड्या वळायची. सिन्नरला आमच्या गल्लीत बहुतेक घरांतून बायका वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं ती कापायची. आईच्या पदराला तो वास होता, आणि लहानपणी तिच्या कुशीत शिरताना मला शिंका यायच्या. अमेरिकेत मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. इथली आमची मराठी माणसं म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर आणि त्यांच्या बायका. दिवाळीला शाळेचा हॉल घेऊन जमायचो तेव्हा कुणी काकू विचारायच्या, तुझ्या माहेरी कोण कोण? मी सांगायचे, वडील शिक्षक होते. आणि आई? आई घरीच असते. खोटं नव्हतं ते. ती घरीच बसून वळायची.

टिनेकेला मी त्या दुपारी ते सांगितलं. तिनं माझा हात उलटा करून तळवा पाहिला, जणू तिथे वास शिल्लक असेल.

मग पुढे लिहू लागलो. रविवारी दुपारी कारखान्यातल्या अकरा मुली एका शेतकऱ्याच्या कुरणावर खेळायच्या. पन्नासच्या दशकातली गोष्ट. बायकांना मैदान द्यायचं नाही, असं तिथल्या फुटबॉलच्या मोठ्या मंडळानं क्लबांना बजावलं होतं. त्यामुळे कुरण. आधी गाई हाकलायच्या, मग शेण बाजूला करायचं, मग खेळ. शर्ट अस्तराच्या निळ्या कापडातून घरीच शिवलेले. चेंडू चामड्याचा, पावसात भिजला की दगडासारखा जड. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी उघड्या गुडघ्यांवर प्रवचन दिलं आणि पुढच्या रविवारी बघायला दुप्पट माणसं आली. हे सांगताना टिनेके हसायची, आणि हसता हसता उठून त्या प्लास्टरच्या हातानिशी माझ्या स्वयंपाकघरात रीट कशी वळायची ते करून दाखवायची. रीट सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चांगली. तिच्या पायात चेंडू आला की कुरणाच्या कडेला उभी असलेली माणसं बोलायची थांबायची.

एवढी आनंदी मी त्या वर्षी दुसऱ्या कशातच नव्हते. बाहेर झाडं रोज थोडी थोडी रिकामी होत होती आणि आत मी एका अनोळखी भाषेत, अनोळखी मुलींचा इतिहास अक्षर अक्षर करून टाइप करत होते. संध्याकाळी सुधीरला सांगायचे, आज आम्ही तीन-दोन जिंकलो. तो विचारायचा, आम्ही म्हणजे कोण?

तिसरं पान संपलं. चौथा कागद मशीनमध्ये घातला आणि टिनेकेनं सुरुवात केली ती एकदम दोन वर्षं पुढची. क्लबात सातच मुली उरल्या होत्या. रीट आता दुसऱ्या गावात लाँड्रीत कामाला होती आणि रविवारी सायकलवरून खेळायला यायची. टिनेकेचं तर नावच नव्हतं.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. मी विचारलं, मधली दोन वर्षं कुठे गेली?

आजही घरामागच्या मैदानाच्या बाकावर मला माझाच तो आवाज ऐकू येतो. हुशार मुलीचा, चूक पकडल्याच्या आनंदाचा.

टिनेके म्हणाली, आज पुरे. पुढचे चार दिवस ती आलीच नाही. खालून तिच्या रेडिओचा आवाज यायचा. मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. पाचव्या दिवशी ती आली, कोट न काढता खुर्चीवर बसली आणि तिनं इंग्रजीतच सगळं सांगून टाकलं.

त्यांच्या वडिलांना छातीचं दुखणं होतं. घर दोघी बहिणींच्या पगारावर चालायचं. कारखान्याच्या मॅनेजरला मुलींचं खेळणं नको होतं. एका शनिवारी त्यानं कागद फिरवला: यापुढे खेळणार नाही, अशी सही करा, नाहीतर कामावर येऊ नका. बहुतेक मुलींनी रडत सह्या केल्या. रीट त्या दिवशी तापानं घरी होती. टिनेकेनं आपली सही केली, आणि खाली रीटचं नावही आपल्याच हातानं लिहिलं. घरी जाऊन तिला सांगायचा धीर झाला नाही. वाटलं, उद्या ताप असेलच, जायची नाही ती. पण रविवारी रीट उठली आणि कुरणावर गेली. सोमवारी मॅनेजरनं सगळ्यांसमोर कागद दाखवून विचारलं, ही सही तुझी ना?

“मी दोन टेबलं सोडून बसले होते,” टिनेके म्हणाली. “तिनं कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. ती म्हणाली, हो, माझी आहे.”

त्याच दिवशी रीटला काढलं. गावानं म्हटलं, शब्द देऊन मोडणारी पोरगी. टिनेके टेबलाशी बसून सिगार वळत राहिली. घरी त्यावर दोघी कधीच बोलल्या नाहीत. वर्षभरात टिनेकेला एक अमेरिकन भेटला, आणि ती इकडे आली. त्यानंतर सव्वीस वर्षं ती गावी गेली नव्हती. आईवडिलांच्या मौतीलाही नाही. ख्रिसमसला रीटचं कार्ड यायचं, त्यावर फक्त नाव असायचं. हिचंही तसंच जायचं.

तिनं मला विचारलं, हे लिहू का?

मी एकतीस वर्षांची होते. मला कशाचीही भीती वाटत नव्हती, कारण माझं काहीच अजून बिघडलेलं नव्हतं. मी म्हटलं, लिहायलाच हवं. पुस्तिका निघतेय, गाव वाचेल, रीटच्या नावावरचा डाग जाईल. ती म्हणाली, तुझी बहीण असती तर तू लिहिलं असतंस? मी म्हटलं, कधीच लिहिलं असतं. मला बहीण नाही. आणि स्वतःच्या आईचं काम चार बायकांना सांगायची हिंमत नसलेली मी, दुसरीला हे सांगत होते.

सायकल-लाँड्रीचा कागद पाचवा ठरवून मी नवा घातला. चौथं पान पुरं व्हायला दोन दुपारी लागल्या. या वेळी तिनं वाक्यांचे अर्थ सांगितले नाहीत, नुसती अक्षरं सांगत राहिली. झुस आला की मला कळायचं. मधेच केतकी उठून आली आणि तिच्याकडे बघून मला म्हणाली, “व्हाय इज टिनेकेमावशी क्राइंग?” मी म्हटलं, हात दुखतोय तिचा. टिनेकेला मराठी कळत नव्हती, पण तिनं मान हलवली.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी आम्ही पाकीट पोस्टात टाकलं. झाडावर एक पान उरलं नव्हतं. पोस्टातून बाहेर आल्यावर ती मला म्हणाली की आता एकदा रीटचं उत्तर आलं की ती गावी जाईल. उत्तराची कल्पना तिनं मनात बरीच रंगवलेली दिसत होती. शिव्या आल्या तरी चालतील, म्हणाली.

हिवाळा त्या वर्षी फार लांबला. प्लास्टर निघालं, ती कामावर जायला लागली. ख्रिसमसला नेहमीचं कार्ड आलं, नेहमीसारखंच, नुसतं नाव. ते घेऊन ती वर आली आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू टायपिस्ट म्हणून मला त्यातलं जास्त कळेल. मी म्हटलं, अजून छापून झालं नसेल. नंतर किती दिवस तिनं विषय काढला नाही आणि मीही नाही.

पुस्तिका आली ती मार्चमध्ये. सोबत सेक्रेटरीचं पत्र होतं. टिनेके जिना चढून आली, टेबलाशी बसली आणि आधी पुस्तिका उघडून मला तिची पानं दाखवली. पहिलं, दुसरं, तिसरं. मग एकच ओळ. तिनं बोट ठेवून अर्थ सांगितला: नंतर काही खेळाडूंनी खेळणं सोडलं. आणि त्याखाली ती सायकल, लाँड्री, सात मुली. चौथं पान नव्हतंच.

मग तिनं पत्र वाचलं. छापायच्या आधी सगळा मजकूर रीटनंच वाचून पाहिला होता, कारण क्लबातली सगळ्यांत जुनी तीच. टिनेकेचं ते एक पान तिनं बाजूला काढलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. सेक्रेटरीनं विचारलं तर म्हणाली, हे क्लबचं नाही, आमच्या घरचं आहे. तेव्हाच ती आजारी होती. जानेवारीच्या शेवटी गेली. घरच्यांनी टिनेकेला कळवलं की नाही हे त्यांना नीट माहीत नव्हतं, म्हणून या पत्रातून कळवत होते.

टिनेकेनं मला ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा विचारलं. आमच्या घरचं आहे, म्हणजे माफ केलं? की एवढ्या स्वस्तात मोकळी होऊ देणार नाही, असं? चार महिन्यांपूर्वी मला सगळं कळत होतं. आता मी गॅसवर चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

मला त्यानंतर झोपेत टाइपरायटरच्या कळा दिसायच्या. मी विचारलंच नसतं तर? मधली दोन वर्षं गेली तर गेली, असं म्हणून पुढचं वाक्य टाइप केलं असतं, तर ते पान पाकिटात गेलं नसतं, आणि टिनेके वर्षातून एका कार्डावर जशी जगत आली तशी जगली असती. सुधीर म्हणायचा, तू जास्त विचार करतेस यार. असेल. पण माणसाला प्रश्न विचारणं आणि त्याच्याकडून उत्तर वदवून घेणं यातला फरक मला तेव्हा कळला. नंतर मी ग्रंथालयात नोकरीला लागले, पस्तीस वर्षं काढली, लोकांना हवं ते शोधून दिलं. कुणाला आपणहून काही विचारलं नाही.

जूनमध्ये टिनेके गावी गेली. दोन आठवड्यांनी परत आली ती सरळ वरच आली, बॅग जिन्याखाली ठेवून. बाहेर चांगलाच उन्हाळा होता, केतकीला पोहायला न्यायचं होतं. टिनेके म्हणाली, पाच मिनिटं बस.

जुन्या मुलींपैकी सहा जणी अजून गावात होत्या. त्यांनी तिला क्लबाच्या खोलीत कॉफीला बोलावलं. ती बसली नाही. उभ्यानंच तिनं सांगितलं, ती सही रीटची नव्हती, मी केली होती. मग त्यांची जुनी गोलकीपर म्हणाली, टिनेके, आम्हाला माहीत आहे. आमच्या सगळ्यांच्या कामाच्या चिठ्ठ्या तूच लिहायचीस. तुझं अक्षर आम्ही ओळखणार नाही?

पहिल्याच दिवशी ओळखलं होतं त्यांनी. रीटनं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, हे कुणी बोलायचं नाही.

“ती त्यांना म्हणाली होती,” टिनेके म्हणाली, “टिनेके एक दिवस परत येईल. आली की तिला इथे बसता आलं पाहिजे.”

सव्वीस वर्षं. ती ज्या नजरांना भिऊन गावी गेली नव्हती, त्या नजरा तिची वाट बघत होत्या. मी हे वाक्य तेव्हा बोलले नाही, तीही नाही. आता लिहितेय. रीटनं दार उघडं ठेवलं होतं आणि ते उघडं आहे हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं. की तिला वाटलं असेल, बहिणीला ते कळेलच? घडी करून ठेवलेलं ते पान रीटच्या घरात सापडलं नाही. टिनेकेनं भाच्याला, रीटच्या मुलाला विचारलं, त्यानं कपाटं उघडून दाखवली. जाळलं असेल, बरोबर गेलं असेल, काही असेल.

केतकी पोहण्याचे कपडे घालून दारात उभी होती. मी तिला हळूच म्हटलं, उद्या जाऊ. नेहमी हट्ट करणारी पोर, पण तीही मुकाट्यानं आत गेली.

मी टिनेकेला जेवूनच जा म्हटलं. वरण-भात होता, बटाट्याची भाजी होती. तिनं ताट पुढे ओढलं. भाजीकडे पाहिलं. मग म्हणाली, रीटला बटाटे आवडायचे नाहीत. आईची पाठ वळली की सगळे माझ्या ताटात ढकलायची.

“आणि मी खायचे,” ती म्हणाली. मग तिनं घास घेतला.